संगमरवरी ओट्यावरचा हळदीचा डाग

लोणच्याचा मसाला कालवलेलं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं आणि सकाळी पांढऱ्या संगमरवरावर पिवळंधमक कडं उमटलं होतं. मी घाईघाईने लिंबू चोळलं. तिथेच चुकलं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; आंबट लागलं की दगडच विरघळायला लागतो. डाग तसाच राहिला, वर चकाकी गेलेला पट्टा पडला.

डाग निघाला तो लेपाने. खाण्याच्या सोड्यात मेडिकलमधून आणलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून चक्क्याइतकं घट्ट कालवलं. हातमोजे घालून ते डागावर जाडसर थापलं, वर प्लास्टिक चिकटवून २४ तास ठेवलं. मग प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू दिला, कारण वाळतानाच तो दगडाच्या छिद्रांतला रंग वर ओढतो. लाकडी उलथन्याने खरवडला. पहिल्या खेपेला डाग फिकटला, दुसऱ्या खेपेला गेला. काळ्या दगडावर मात्र पेरॉक्साइड नको, रंग उडू शकतो.

लिंबाचा पट्टा हा डाग नव्हेच, तो झिजलेला दगड. तेवढा भाग पॉलिशवाल्याकडून घासून घ्यावा लागला.

आईकडे कडप्प्याचा ओटा आहे. तोही चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचाच, म्हणून लिंबू-व्हिनेगर त्यालाही वर्ज्य. ती साबणाच्या पाण्याने पुसून, कोरडा करून, फडक्यावर खोबरेल तेलाचे दोन थेंब घेऊन फिरवते. ग्रॅनाइट लिंबाला सहसा दाद देत नाही, पण फिकट रंगाचा असेल तर तेल पितो. पाण्याचा थेंब १० मिनिटं ठेवून बघा. खालचा दगड गडद झाला तर सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारं द्रावण, लावायला हवा.