पेशी कशाला धरून बसतात? ईसीएम आणि सेल अ‍ॅडहीजनमध्ये (पेशींच्या चिकटण्याच्या अभ्यासात) नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएस्सी बायोटेक करून पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागले तेव्हा ईसीएम म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्सबद्दल मला इतकंच माहीत होतं की पेशींच्या मधल्या जागेत कोलॅजन वगैरे भरलेलं असतं आणि त्यावर पाच मार्कांची टीप येते. आता सहा वर्षं यातच आहे. दरवर्षी नवीन मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला, ताई एवढी नावं कशी लक्षात ठेवायची, कोलॅजनचेच २८ प्रकार, इंटिग्रिनच्या २४ जोड्या, लॅमिनिन वेगळे, कॅडहेरिन वेगळे. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

नावं पाठ करू नका. आधी पेशी सुटताना बघा.

म्हणजे काय, तर कल्चर रूममध्ये पहिल्याच आठवड्यात तुम्हाला ट्रिप्सिनायझेशन, म्हणजे ट्रिप्सिन या प्रोटीन कापणाऱ्या एन्झाइमने पेशी तळापासून सोडवणं, शिकवतील. मीडिया (पेशी वाढतात तो पोषक द्रव) काढा, पीबीएस या मिठाच्या बफरने धुवा, ट्रिप्सिन-ईडीटीए घाला, दोन-तीन मिनिटं इन्क्युबेटरमध्ये ठेवा. सगळे हे यंत्रासारखं करतात. तुम्ही एकदा फ्लास्क मायक्रोस्कोपखाली ठेवून ती दोन-तीन मिनिटं सलग बघा. आधी शेजारच्या पेशींमधल्या कडा उजळ दिसायला लागतात, मग पेशी आक्रसते, लांब पसरलेले पाय आत ओढून घेते, गोल होते, आणि तरीही थोडा वेळ तळाला चिकटूनच असते, फ्लास्कला हलकी टिचकी मारली की मग सुटते. म्हणजे पेशीची पकड दोन बाजूंना आहे, एक आडवी, शेजारणीचा हात धरलेली, ते कॅडहेरिनचं काम, आणि एक खाली, जमिनीला पाय रोवलेले, ते मुख्यतः इंटिग्रिनचं काम. हे डोळ्यांनी बघितलं की अर्धा विषय हातात आला असं मी मानते.

माझा पहिला मोठा घोळ पण इथेच झाला. एमसीएफ-७ या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर फ्लो सायटोमेट्रीने (चमकणारी अँटिबॉडी लावून एकेक पेशी मोजण्याची पद्धत) ई-कॅडहेरिन हा कॅडहेरिनचाच एक प्रकार बघायचा होता, या पेशींत ते भरपूर असतं, आणि माझ्याकडे सिग्नल जवळपास शून्य. तीन वेळा केलं, अँटिबॉडी बदलली, दीड महिना गेला. कारण अगदी साधं होतं, मी पेशी सोडवायला ट्रिप्सिन-ईडीटीएच वापरत होते. ईडीटीए कॅल्शियम खेचून घेतं, कॅडहेरिनचा बाहेरचा भाग कॅल्शियमवर ताठ उभा असतो, कॅल्शियम गेलं की तो ढिला पडतो आणि ट्रिप्सिन तो कापून टाकतं. जे मोजायचं तेच मी आधी कापून धुवून टाकत होते. नुसत्या ईडीटीएने किंवा एन्झाइम नसलेल्या बफरने सोडवल्या, नंतर कॅल्शियम असलेल्या बफरमध्ये स्टेनिंग केलं, तेव्हा पहिल्या रनला पीक आला.

नंतर वाचताना कळलं की कॅडहेरिनचा शोधच मुळात अशा घोळातून लागलाय. मासातोशी ताकेइची हे जपानी शास्त्रज्ञ १९७० च्या दशकात क्योटोहून बाल्टिमोरला कार्नेगी इन्स्टिट्यूशनमध्ये गेले, तोच प्रयोग केला आणि पेशी एकमेकींना चिकटेनात. फरक निघाला तो ट्रिप्सिनच्या बाटलीत, तिथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए होतं, क्योटोतल्यात नव्हतं. त्यावरून कॅल्शियमवर चालणारी चिकटण्याची यंत्रणा सापडली आणि पुढे त्या रेणूला त्यांनी कॅडहेरिन नाव दिलं. म्हणून सांगते, प्रोटोकॉलमधली प्रत्येक बाटली वाचा, त्यात काय आहे आणि का आहे ते वहीत लिहा.

आता आजार. ते वेगळे प्रकरण म्हणून वाचले की गोंधळ होतो, त्यापेक्षा त्वचेचं एक उभं चित्र काढा आणि फोड येणारे आजार त्यावर मांडा, प्रत्येक वेळी एकच प्रश्न, पकड नक्की कुठे सुटली? पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये शरीर स्वतःच डेस्मोग्लिनविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, डेस्मोग्लिन हे कॅडहेरिनच्याच घराण्यातलं, म्हणजे आडवी पकड सुटली. एका डर्मॅटॉलॉजीच्या डॉक्टर मॅडमनी मला याची स्लाइड दाखवली होती. वरचे थर सुटून गेलेत, आणि सगळ्यात खालच्या पेशी शेजारणींपासून अलग झाल्या तरी बेसमेंट मेम्ब्रेनवर, म्हणजे त्यांच्या खालच्या ईसीएमच्या पातळ चादरीवर, एका ओळीत उभ्या आहेत, पॅथॉलॉजीवाले याला थडग्यांची ओळ म्हणतात. हात सुटले पण पाय सुटले नाहीत! मी ती स्लाइड बराच वेळ बघत बसले होते, कारण फ्लास्कमध्ये दिसणाऱ्या त्या दोन पकडी इथे माणसाच्या कातडीत वेगवेगळ्या दिसत होत्या.

त्याच चित्रात खाली या. एपिडर्मोलायसिस बुलोसा, जन्मजात आजार, बाळाला नुसतं उचललं तरी कातडी सुटते इतका तीव्र असू शकतो. सिम्प्लेक्स प्रकारात बिघाड बहुतेक वेळा पेशीच्या आत, केराटिन ५ किंवा १४ या पेशीला आतून आधार देणाऱ्या तंतूंमध्ये, जंक्शनलमध्ये बेसमेंट मेम्ब्रेनच्या पातळीला, लॅमिनिन ३३२ हे त्या चादरीतलं प्रोटीन वगैरे, आणि डिस्ट्रॉफिकमध्ये त्याच्याही खाली, कोलॅजन ७ मध्ये, जे बेसमेंट मेम्ब्रेनला खालच्या थराशी खुंट्यांसारखं अडकवून ठेवतं. बाहेरून फोड सारखाच वाटू शकतो, तुटलेली जागा वेगळी. हे चित्र एकदा हाताने काढलंत तर पाच-सहा प्रोटीनची नावं पाठ न करता बसतील.

कोलॅजनसाठी मात्र जरा जास्त वेळ द्या. तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, प्रत्येकीत दर तिसरं अमिनो आम्ल ग्लायसिन, कारण पिळाच्या मधोमध त्याच्याशिवाय कुणी मावत नाही. ही तिहेरी रचना मांडण्यात मद्रासच्या जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांचा मोठा वाटा आहे, पहिला पेपर १९५४ चा, आपल्या मुलांना हे माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. कोलॅजन १ मधलं एक ग्लायसिन बदललं तरी पिळात अडथळा येतो आणि ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा होऊ शकतो, हाडं ठिसूळ, जरा लागलं की फ्रॅक्चर.

आणि स्कर्व्ही तर तुमच्या फ्लास्कमध्येच आहे. पिळ टिकायला प्रोलिनवर हायड्रॉक्सिल गट लागतो, तो लावणाऱ्या एन्झाइमला व्हिटॅमिन सी लागतं, आणि साध्या डीएमईएम मीडियात व्हिटॅमिन सी नसतं. मी फायब्रोब्लास्टचे (कोलॅजन बनवणाऱ्या पेशींचे) दोन फ्लास्क शेजारी ठेवले, एकात अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचं, म्हणजे व्हिटॅमिन सीचं, टिकाऊ फॉस्फेट रूप घातलं, दुसऱ्यात नाही. तीन आठवड्यांनी पहिल्यातला थर चिमट्याने कडेला धरून उचलला तर ओल्या साईसारखा अख्खा पदर वर आला, दुसऱ्यात चिमट्याला नुसते तुकडे लागले. हा प्रयोग स्वस्त आहे, ट्रेनिंगला आलेल्या मुलांना मी हाच पहिला देते.

मॅट्रिजेल, म्हणजे पेशी वाढवायला वापरतात ते ईसीएमचं तयार जेल, त्याबद्दल थोडक्यात. उंदराच्या गाठीतून काढलेलं असतं, महाग असतं, बाहेरच्या तापमानाला पटकन जेलसारखं घट्ट होतं. रात्रभर ४ अंशांवर बर्फात वितळू द्या, टिप्स आणि ट्यूब आधीच फ्रीझरमध्ये गार करा, लहान अ‍ॅलिकॉट (एका वेळेपुरते वाटे) करून ठेवा, पुन्हापुन्हा गोठवू नका. आणि प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो, लॉट नंबर वहीत हवाच.

कुठे शिकायचं असं विचाराल तर पुण्यात एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स), खारघरला अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), मेकॅनिक्सची आवड असेल तर आयआयटी बॉम्बे. फिजिक्स किंवा मेकॅनिकलवाल्यांनी बिचकू नका, पेशी जमिनीचा कडकपणा ओळखतात हा २००६ नंतर मोठा विषय झालाय आणि तिथे तुमचं गणित लागतं. परळला केईएमच्या आवारात एनआयआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी) आहे, तिथे प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीवर, म्हणजे जन्मजात कमी प्रतिकारशक्तीच्या आजारांवर, काम चालतं, त्यातला एलएडी (ल्युकोसाइट अ‍ॅडहीजन डेफिशियन्सी) नावाचा आजार जरूर वाचा. पांढऱ्या पेशींवरचं बीटा-२ इंटिग्रिन नसतं, त्यामुळे त्या रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून बाहेर पडूच शकत नाहीत. रक्तात पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या, जखमेत मात्र पू नाही, आणि बाळाची नाळ महिना होत आला तरी गळत नाही. घरात कुणी म्हणालं की बाळाची नाळ अजून पडली नाही, तर ते हसण्यावारी नेऊ नका, डॉक्टरांना दाखवायला सांगा.