कॉम्प्युटर सायन्सला जायचंय? आधी काकोडकरांचं नाव जुळवून बघा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे तेच ते प्रश्न सुरू होतात. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजला मिळेल काय? कॉम्प्युटर घ्यावं की आयटी? ते एआयचं नवीन निघालंय, ते बरं काय? मी मूळची डिचोलीची. बीसीए केलं, मग ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात एमसीए, काही वर्षं पुण्यात नोकरी, आणि आता गोव्यातच राहून सॉफ्टवेअरचं काम करते. त्यामुळे नात्यातल्या आणि वाड्यावरच्या मुलांना त्यांचे आईबाप माझ्याकडे पिटाळतात. सगळे कॉलेजचं नाव विचारतात, पगार विचारतात. तिथे तीन-चार वर्षं नेमकं शिकायचं काय, हे विचारणारं पोर क्वचित भेटतं. म्हणून आधी तेच सांगते, आणि एका कामावरून सांगते.

एका सहकारी संस्थेच्या सभासदांच्या दोन याद्या एकत्र करायच्या होत्या. एक जुन्या वह्यांतून उतरवलेली, दुसरी अलीकडची. ऐकायला किरकोळ काम: दोन्हीकडे असलेला माणूस शोधायचा आणि त्याची एकच नोंद ठेवायची. पण गोव्यात आडनावांचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. १९६१ पूर्वीच्या कागदांवर नावं पोर्तुगीज वळणाने रोमीत, म्हणजे इंग्रजीच्याच अक्षरांत, लिहिलेली. काकोडकरांच्या आडनावात आज तीन 'के' असतात, जुन्या वहीत तिन्ही जागी 'सी'. नाईकच्या शेवटी आज 'के', तेव्हा 'क्यू-यू-ई'. शेट तर चक्क 'एक्स'ने सुरू. आपल्याला हे वाचताना काही अडत नाही, आजोबांच्या दाखल्यावर असंच बघत आलोय. संगणकाला मात्र ही सरळ वेगळी अक्षरं, म्हणजे वेगळी माणसं.

पहिला उपाय सुचतो तो अक्षरं मोजण्याचा. एका नावाचं दुसरं नाव करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा गाळावी लागतात ते मोजायचं. हे माप लेव्हेनश्टाइन या रशियन गणितज्ञाने १९६५ साली मांडलं, आणि शुद्धलेखन तपासण्यापासून कुठेकुठे ते वापरतात. काकोडकरच्या दोन रूपांतलं अंतर येतं ३. नाईकच्या दोन रूपांतलंही ३. बरं, मग तीनपर्यंत अंतर असलं तर माणूस एकच धरू? धरलं, की नाईक आणि नायर एक झाले, कारण रोमीत त्यांच्यात फक्त शेवटच्या एका अक्षराचा फरक!

मग उच्चाराच्या वाटेने जायचं. साउंडेक्स नावाची एक युक्ती आहे, तिचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १९१८ चं, म्हणजे आजचा संगणक यायच्या कितीतरी आधीची. नावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, पुढचे स्वर गाळायचे, आणि जवळच्या आवाजाच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा. के, सी, क्यू, जी, एस या सगळ्यांना २, डी आणि टीला ३, आरला ६. एकूण चार खुणा झाल्या की थांबायचं, कमी पडल्या तर शून्य भरायचं. नाईकची दोन्ही रूपं पटकन जुळली, दोन्हीकडे एन-२-०-०. नायर एन-६-०-० होऊन बाजूला गेला. आम्ही खूश. पण काकोडकर एकीकडे के-२-३-२ आणि दुसरीकडे सी-२-३-२. पहिलं अक्षर न बदलायचा नियम इंग्रजी नावांना चालून गेला असेल, आमच्याकडे नेमका तोच आडवा आला. शेवटी गोव्यापुरते आमचे नियम आम्हीच लिहिले: 'एक्स' दिसला तर तो श धरायचा, 'क्यू-यू' म्हणजे क, 'सी'च्या पुढे 'ए' किंवा 'ओ' असेल तर तोही क. आधी हे करून सगळी नावं एका वळणावर आणायची, मग मोजमाप.

एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून बघायचं म्हटलं तर १ लाख नावांच्या जवळजवळ ५०० कोटी जोड्या होतात. नावं दसपट झाली की जोड्या शंभरपट. दुप्पट वेगाचं मशीन आणलं तरी ते या वाढीपुढे टिकत नाही. म्हणून एकाच खुणेची नावं एका ढिगात टाकायची आणि ढिगातल्या ढिगातच ताडायची. इतकं सगळं झाल्यावरही एकाच गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ निघतातच. तिथे प्रोग्रामने शहाणपणा करू नये, ती नावं वेगळी काढून जाणत्या माणसापुढे ठेवावीत. एकाची ठेव दुसऱ्याच्या नावावर गेली तर निस्तरणार कोण?

मला कोणी कॉम्प्युटर सायन्स म्हणजे काय असं विचारलं तर मी हे सांगते. प्रश्न नीट मांडणं, माहिती कुठल्या रूपात ठेवायची ते ठरवणं, रीत शोधणं, ती रीत मोठ्या आकड्याला टिकते काय ते बघणं, आणि ती कुठे फसेल ते आधी ओळखणं. प्रोग्राम लिहायची भाषा पायथन घ्यावी की जावा, हा प्रश्न इतक्या वेळात आलासुद्धा नाही.

कॉलेजात गेल्यावर पहिल्या दोन वर्षांत डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस, नेटवर्क असे पेपर येतात आणि मुलं कुरकुरायला लागतात. हे कामाला येतं काय? येतं हो. ढीग पाडायची युक्ती म्हणजे हॅशिंग, ती डेटा स्ट्रक्चर्समध्ये शिकवतात. जोड्या मोजणं तर अकरावीच्या गणितातलं. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हा पेपर सगळ्यांत बदनाम, आणि माझा सगळ्यांत आवडता. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ मध्ये कागदावरच एक कल्पनेतलं यंत्र मांडलं आणि काही प्रश्न असे आहेत की ते कुठल्याही यंत्राला कधीच सोडवता येणार नाहीत, हे सिद्ध केलं. खरा संगणक हातात यायच्या आधी त्याची हद्द आखून ठेवली! उलट ज्या फ्रेमवर्कचे, म्हणजे प्रोग्राम उभारायच्या तयार सांगाड्यांचे, क्लास जाहिरातीत झळकतात ती चार-पाच वर्षांत जुनी होतात. ती शिकावी लागतात, पण पाया असला तर नोकरी करता करता होतात.

"गणित आवडत नाही, म्हणून कॉम्प्युटर घेते," असं कोणी म्हटलं की मी स्पष्ट सांगते, बाय, पुन्हा विचार कर. वेगाने आकडेमोड जमायला हवी असं नाही. मोजणी, संभाव्यता, मॅट्रिक्स, आणि 'हे असंच का' याचा पुरावा मागायची खोड हवी. आपल्याकडे तर याला घरचा दाखला आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गाव कोसबे. लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात, कला अकादमीत त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव भरतो, पण पेशाने ते गणिती. १९४३ च्या एका शोधनिबंधात त्यांनी मांडलेलं प्रमेय पुढे कारहुनेन आणि लोएव्ह या दुसऱ्या दोन गणितज्ञांच्या नावाने जगभर गेलं. गुंतागुंतीच्या संकेतातून मोजकेच महत्त्वाचे घटक वेगळे काढायचे, असा त्याचा उपयोग. मशीन लर्निंगच्या, म्हणजे संगणकाला माहितीवरून शिकवायच्या, वर्गात प्रिन्सिपल कंपोनंट ॲनालिसिस शिकवतात ते याच घराण्यातलं. पुस्तकात कोसंबींचं नाव दिसेलच असं नाही, पण तुम्हाला ते माहीत असावं.

भाषेची भीती हा दुसरा विषय. आपल्यातली पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत आणि पाचवीपासून इंग्रजीत. बोलताना अडखळतात, आणि त्यामुळे वर्गात हात वर करत नाहीत. फाडफाड इंग्रजी बोलणं पहिल्या वर्षी लागत नाही, वाचणं मात्र लागतंच. एरर आला की मुलं पहिली ओळ बघून घाबरतात. पायथनमध्ये खरं कारण बहुधा सगळ्यांत खालच्या ओळीत असतं, ते आधी वाचा, मग वर कितव्या ओळीचा आकडा दिलाय ते बघा. ही एवढी सवय लागली तरी वर्ग निम्मा मागे पडतो.

आणि मराठी येणं हा तोटा तर नाहीच. एक गंमत करून बघा. पायथनमध्ये 'म्हापसा' लिहा आणि त्याची लांबी विचारा. आपण तीन अक्षरं मोजतो, तो म्हणतो ७. कारण युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना आकडे देणाऱ्या पद्धतीत, म, हलन्त, ह, काना, प, स, काना असे सात वेगळे तुकडे आहेत, आणि युटीएफ-८ या रीतीने ते साठवताना प्रत्येकाला ३ बाइट (संगणकातल्या साठवणीचं माप) लागतात, म्हणजे २१. आता तोच शब्द उलटा करा. काना आधी येतो, बिचारा कोणाला टेकू ते कळेना. पुस्तकातला 'शब्द उलटा करा' हा पहिल्या आठवड्याचा सोपा प्रोग्राम आपल्या लिपीत सरळ मोडतो, आणि तो का मोडला हे शोधताना जे कळतं ते नुसता इंग्रजी शब्द उलटा करणाऱ्याला कळत नाही.

आता कुठे शिकायचं ते. १९६७ पासूनचं फर्मागुढीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वेर्णा, फातोर्डा, आसगाव, शिरोडा इथेही इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. कुंकळ्ळीच्या एनआयटीला जेईई मेन लागते, २०१६ मध्ये सुरू झालेल्या आयआयटी गोव्याला जेईई ॲडव्हान्स्ड, झुआरीनगरच्या बिट्सला त्यांची स्वतःची बिटसॅट. राज्यातल्या प्रवेशांसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं त्याच वर्षीचं माहितीपत्रक वाचा, शेजारच्या दादाने दोन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका. दहावीनंतर डिप्लोमा केला तर पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि अशा मुलांचा हात लॅबमध्ये छान बसलेला असतो.

बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आपल्याकडे उगाच दुय्यम समजतात. मी त्याच वाटेने आले, म्हणून बाजू घेतेय असं म्हणा हवं तर. खर्च कमी, घरून जाऊन-येऊन होतं, आणि पुढे एमसीए केलं की इंजिनिअरांच्याच रांगेत बसता येतं. एनआयटींच्या एमसीएसाठी निमसेट नावाची परीक्षा आहे, तिच्यात गणिताला चांगलंच वजन असतं, तेव्हा गणित मध्येच सोडू नका. कोर्सच्या नावात एआय आहे की डेटा सायन्स, यापेक्षा अभ्यासक्रमाचं पीडीएफ उघडून वर सांगितलेले पेपर त्यात आहेत काय ते बघा. नसतील तर नाव कितीही चकचकीत असो, दूर राहा. वर्गात नीट शिकवलं नाही तर एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिकवणीवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, ती बघायला कोणी अडवत नाही.

नोकरीबद्दल थोडं. नवीन प्रोग्राम लिहिणं हा दिवसाचा लहान भाग असतो. बाकी दुसऱ्याने लिहून ठेवलेला कोड वाचणं, ग्राहकाला खरंच काय हवंय ते चार वेळा विचारणं, बग म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणं, आणि मीटिंगा. टेस्टिंगला किंवा सपोर्टला लागलात तर नाक मुरडू नका, सिस्टिम कुठे मोडते ते तिथे जेवढं कळतं तेवढं दुसरीकडे कळत नाही. गोव्यात वेर्ण्याला कंपन्या आहेत, पणजी-मडगावला छोट्या टीम आहेत, पण पहिली दोन-तीन वर्षं पुणे-बेंगळुरूला काढावीत असं माझं मत आहे. आमच्या आईला ते अजून पटलेलं नाही. पाच अनुभवी माणसांच्या मध्ये बसून काम केल्यावर जे शिकायला मिळतं ते घरच्या बाल्कांवात, ओसरीवर लॅपटॉप घेऊन मिळत नाही. नंतर खुशाल परत या.

आणि हो, आता एआय कोड लिहून देतो, मग शिकायचं कशाला, हा ताजा प्रश्न. मीही रोज वापरते. मागितलं तर तो साउंडेक्स क्षणात लिहून देईल, बिनचूक. काकोडकर त्यातून निसटणार आहेत हे त्याला विचारायचं कोणाला सुचेल? पहिल्या वर्षी तरी असाइनमेंट त्याच्याकडून करून घेऊ नका. स्वतः लिहा, अडकला की त्याला समजावून सांगायला सांगा.

निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या पावसाळी दिवसांत महागडे क्लास लावू नका. घरातला जुना लॅपटॉप पुरतो. नवीनच घेणार असाल तर १६ जीबी रॅमचा घ्या, गेमिंगचा हट्ट नको. पायथन फुकट आहे. आपल्याच आजूबाजूची माहिती घ्या, भजनी मंडळाची वर्गणी, वाड्यावरच्या क्रिकेटच्या मॅचेस, आजीच्या औषधांच्या वेळा, आणि तिच्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहा. ज्याच्यासाठी लिहिला त्याला वापरायला द्या आणि तो कुठे अडतो ते गप्प बसून बघा. माझ्याकडे आणलात तर मी बघेन, पण रविवारी, आणि कोड तुमचा स्वतःचा असेल तरच.