मीठ बदललं की कोटिंगही बदलतं: पीनायपॅमवर काम करताना या चुका टाळा

"मॅडम, कोटिंग मेलं." दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन मुलगा किंवा मुलगी हे वाक्य घेऊन माझ्या टेबलाशी येते. कोटिंग मेलेलं नसतं. ते ज्या पाण्यात बुडवलंय त्या पाण्यात काय विरघळलंय, एवढंच पाहायचं राहिलेलं असतं.

आमचं कोटिंग पीनायपॅमचं, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलमाइड या पॉलिमरचं. ते शुद्ध पाण्यात साधारण ३२ अंश सेल्सिअसपर्यंत पाणी धरून फुगलेलं राहतं आणि त्यावर गेलं की पाणी सोडून आकसतं. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. ३२ हा शुद्ध पाण्यातला आकडा. मीठ घातलं की तो सरकतो. किती आणि कुठल्या बाजूला, हे कुठलं मीठ घातलं त्यावर ठरतं. साधं सोडियम क्लोराइड एक मोलर घातलं तर तो सुमारे दहा अंशांनी खाली येतो. पेशींसाठी वापरतात त्या फॉस्फेट बफर सलाइनमध्येसुद्धा एक-दोन अंशांचा फरक पडतो. ३१ अंशांना "अजून फुगलेलंच असणार" असं गृहीत धरणाऱ्याचा प्रयोग एवढ्यानेच वाया जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे "मीठ ते मीठ" ही समजूत. एका मुलाचं सोडियम क्लोराइड संपलं होतं. नवीन बाटली येईपर्यंत थांबायचं सोडून त्याने शेल्फवरचं सोडियम सल्फेट घेतलं, तेवढंच, ०.३ मोलर. दोन्ही सोडियमचीच मिठं, मग काय फरक पडतो, हा त्याचा हिशोब. २५ अंशांना एलिप्सोमीटरवर (प्रकाशाने पातळ थराची जाडी मोजणारं उपकरण) कोटिंगची जाडी मोजली, ४० ला मोजली, आकडा जागचा हलेना. त्याने ठरवून टाकलं की पॉलिमर वेफरवर, म्हणजे खालच्या चकतीवर, बसलंच नाही. पहिली बॅच कचऱ्यात गेली. दुसरी बनवली, तीच गत. तिसऱ्या वेळी पॉलिमरायझेशनचा वेळ दुप्पट केला, तरी तेच. तीन आठवडे गेले, मग तो माझ्याकडे आला.

मी त्याला सेल, म्हणजे वेफर बुडवून ठेवायचं भांडं, रिकामा करायला सांगितला आणि त्यात नुसतं शुद्ध पाणी भरायला लावलं. तापमान २५ वरच ठेवलं. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत उभे राहिलो. जाडीचा आकडा आधी अडखळत हलला, मग चढतच गेला. कोटिंग उत्तम होतं. ०.३ मोलर सल्फेटमध्ये त्याचं संक्रमण तापमान, म्हणजे ज्यावर ते आकसतं तो आकडा, २५ च्या खाली गेलं होतं, म्हणजे तो मोजत असलेल्या दोन्ही तापमानांना ते आकसलेलंच होतं. पहिली बॅचही चांगलीच असणार, पण ती टाकून झाली होती. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण दहा मिनिटांत कळण्यासारखी गोष्ट होती.

हे काही नवीन ज्ञान नाही. फ्रान्झ हॉफमाइस्टरने १८८८ मध्येच अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन वेगवेगळ्या मिठांनी पाण्यातून खाली बसवून दाखवलं होतं. प्रत्येक मिठाची ताकद निराळी. पीनायपॅमही जवळपास तोच क्रम पाळतं, आणि त्यात धन आयनापेक्षा ऋण आयनाचा हात मोठा असतो. सल्फेट हे पॉलिमरच्या अमाइड गटाला धरून बसलेल्या पाण्याच्या रेणूंना स्वतःकडे ओढतं, त्यामुळे साखळी लवकर आकसते. थायोसायनेट उलट स्वतःच अमाइडला चिकटतं, म्हणून थोड्या प्रमाणात घातलं तर संक्रमण तापमान किंचित वर जातं. तेच भरपूर घातलं की पुन्हा खाली येतं. म्हणून "कंडक्टिव्हिटी जुळवली", "आयनिक स्ट्रेंग्थ सारखी ठेवली" एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांना मी थांबवते. एकाच आयनिक स्ट्रेंग्थचं क्लोराइड तापमान खाली नेईल आणि थायोसायनेट वर.

माझी सवय सांगते. वहीत नुसतं "मीठ" लिहायचं नाही, ऋण आयनाचं नाव लिहायचं. आणि मोजमापांची प्रत्येक मालिका शुद्ध पाण्याने सुरू करून शुद्ध पाण्यानेच संपवायची. शेवटचा आकडा पहिल्याशी जुळला नाही तर मधलं काहीच मी धरत नाही. यात अर्धा दिवस जास्त जातो. तो जाऊ द्या.

सोडियम सल्फेटची बाटली हातात असेल तर लेबल नीट वाचा. निर्जल मीठ प्रति मोल १४२ ग्रॅम, दहा पाणी असलेलं ३२२. दहा पाणी असलेलं मीठ निर्जल समजून तोललं तर द्रावण निम्म्याहूनही पातळ होतं.

उपकरणालाही मीठ कळतं. एक मोलर सोडियम क्लोराइडने पाण्याचा अपवर्तनांक साधारण ०.०१ ने वाढतो. एलिप्सोमीटरच्या मॉडेलमध्ये शुद्ध पाण्याचा १.३३३ तसाच ठेवला तर जाडी चुकणारच. क्यूसीएमवर (कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ क्रिस्टलवरचं वजन मोजणारं उपकरण) द्रावण बदलताच फ्रिक्वेन्सी घसरते, ती घनता आणि चिकटपणा बदलल्यामुळेही घसरते. कोऱ्या क्रिस्टलवर तेच द्रावण सोडून आधी ती घसरण मोजून ठेवा.

द्रावणातल्या पॉलिमरचा क्लाउड पॉइंट, म्हणजे द्रावण गढूळ होतं ते तापमान, कोटिंगला जसाच्या तसा लावू नका. पृष्ठभागाला बांधलेल्या साखळ्या एका ठरावीक अंशाला आकसत नाहीत, त्या काही अंशांच्या पट्ट्यात हळूहळू आकसतात.

कोटिंगमध्ये अ‍ॅक्रिलिक आम्ल मिसळलेलं असेल तर ते पीएचनुसारही फुगतं-आकसतं, म्हणून ट्रिस बफर टाळा. ट्रिसचा पीएच दर अंशाला जवळपास ०.०३ ने उतरतो. २० वरून ४० ला जाताना पीएच अर्ध्या एककाहून जास्त उतरला, तर जो बदल दिसला तो तापमानाचा की आम्लाचा, हे सांगता येणार नाही.

तापमान बाथमध्ये मोजू नका, सेलमध्ये मोजा. आणि घाईने तापवू नका.

शेवटची चूक धुण्याची. प्रयोग ४० अंशांना संपला की मुलं तिथेच कोमट पाण्याने वेफर धुतात आणि नायट्रोजनने वाळवतात. आकसलेल्या थरातून मीठ नीट बाहेर पडत नाही, मग वाळल्यावर मायक्रोस्कोपखाली बारीक खडे चमकताना दिसतात. मी आधी वेफर गार शुद्ध पाण्यात फुगू देते, पाणी तीनदा बदलते, तिसऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी पाहते आणि मगच वाळवते.