पान सुरकुतलं म्हणून पाणी घालू नका: पावसाळा उतरताना सक्युलंटची तपासणी

गणपतीसाठी घर आवरायला काढाल तेव्हा खिडकीतल्या, व्हरांड्यातल्या कुंड्याही खाली घ्या. जूनपासूनची दमट हवा आणि तुटपुंजं ऊन यांचा परिणाम सक्युलंटवर, म्हणजे जेड, एचेवेरियासारख्या जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांवर, आत्ता दिसू लागतो. सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडे पाऊस जास्त, तिथे कुजण्याचा त्रास मोठा. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत किडी जास्त सतावतात. सांगली-मिरजेत दोन्हीची तयारी ठेवा.

सगळ्यात जास्त झाडं एका गैरसमजाने जातात. जेडचं किंवा एचेवेरियाचं पान सुरकुतलं, की तहान लागली समजून आपण तांब्याभर पाणी ओततो. पण मुळं कुजली की झाडाला पाणी ओढता येत नाही आणि ओल्या मातीतही पान सुरकुततं. म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती कोरडी आणि पान मऊ पण चिवट असेल तर खरंच तहान आहे. माती ओली, खालची पानं पिवळट, पाणी भरल्यासारखी पारदर्शक आणि हात लागताच गळणारी असतील तर मुळकूज समजा. शंका राहिली तर झाड सरळ उपटून बघा, एवढ्याने ते मरत नाही. निरोगी मूळ टणक असतं. कुजलेलं काळं पडतं आणि त्याची साल चिमटीत सुटून येते.

कुजलेला भाग कोणत्याही औषधाने परत येत नाही, तो कापावाच लागतो. ब्लेड स्पिरिटने पुसा आणि कापाच्या आत तपकिरी ठिपका दिसेनासा होईपर्यंत वर वर कापत जा, प्रत्येक वेळी ब्लेड पुसून. जीव तुटतो म्हणून मध्येच थांबलात तर आठवड्यात उरलेलं झाडही जाईल. कापावर गंधकाची भुकटी लावून उरलेला निरोगी शेंडा ४ ते ७ दिवस सावलीत सुकू द्या, मगच लावा. कृष्णाकाठची काळी माती उसाला सोन्यासारखी, पण या झाडांच्या कुंडीत ती ओल धरून बसते. जाड वाळू आणि विटांचा चुरा निम्म्याहून जास्त ठेवा.

पिठ्या ढेकूण तासगावच्या द्राक्षबागायतदाराला वेगळा सांगायला नको, तोच मिलीबग. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागते. मुंग्या त्याचा चिकट गोड स्राव खातात आणि त्याला राखतात, म्हणून मुंग्यांचाही बंदोबस्त करा. कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पुंजका टिपा. आधी एका पानावर करून बघा. आठवड्याच्या अंतराने तीनदा तरी करा, कारण अंडी एकदम मरत नाहीत. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर कीड मुळांवर आहे: माती टाकून द्या, मुळं धुवा, सुकवा, नव्या मातीत लावा.

एचेवेरियाच्या पानावरचा एकसारखा पांढुरका थर म्हणजे भुरी हा बुरशीचा रोग नव्हे, ते तिचं मेण आहे, पुसू नका. भुरी डागाडागाने येते आणि पुसली तरी परत दिसते. कॅलांचो या सक्युलंटवर ती जास्त. तशी पानं काढून झाड मोकळ्या हवेत ठेवा. बारीक जाळी आणि तपकिरी खरचटल्यासारखे डाग म्हणजे लाल कोळी ही बारीक कीड. त्यावर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. मेणाच्या थराच्या झाडांवर तेल मात्र नको, थर कायमचा जातो.

शेडमध्ये उरलेलं बागेचं कीटकनाशक घरात फवारू नका. मुलं त्याच खोलीत झोपतात. शिवाय मॅलॅथिऑन हे कीटकनाशक तर जेडच्या कुळालाच सोसत नाही.

आता ऑक्टोबर हीट येईल. सावलीतली कुंडी एकदम उन्हात काढू नका, आधी आठवडाभर फक्त सकाळचं ऊन द्या. तरीही उन्हाकडच्या बाजूने पांढरट, कोरडे चट्टे पडले तर तो भाजल्याचा डाग आहे. तो पसरत नाही, त्यावर काही फवारायची गरज नाही.