रेडिओवर जाहिरात वाजण्याआधी: झाडांची निगा राखणाऱ्यांसाठी तयारीची यादी

सगळ्यात आधी फोन. शब्द, आवाज, संगीत हे सगळं नंतर. आमची पहिली जाहिरात सकाळी वाजली तेव्हा मी दोरखंडाला लटकून एक वाळकी फांदी उतरवत होतो आणि फोन खाली बुंध्याशी ठेवलेल्या पिशवीत होता. उतरून पाहिलं तर अकरा मिस्ड कॉल. संध्याकाळी एकेकाला फोन लावला, तर बहुतेकांनी तोवर दुसऱ्या कुणाला बोलावलं होतं. पैसे आम्ही भरले आणि कामं दुसरीकडे गेली, याची हळहळ अजून जात नाही. म्हणून जाहिरात चालू असेल तेवढे दिवस फोन उचलायला एक माणूस वेगळा काढा. झाडावर चढणारा नको आणि खाली दोर सांभाळणारा तर मुळीच नको, कारण त्याचं लक्ष वरून हटलं तर माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

या माणसाच्या हाती एक कागद द्या. पत्ता, झाड ओळखीचं असेल तर त्याचं नाव, अंदाजे उंची, घरापासून किती लांब, झाड कुणाच्या मालकीचं, आणि जवळून विजेची तार जाते का. तारेच्या प्रश्नाखाली रेघ मारून ठेवा. फांद्या तारेला टेकल्या असतील तर ते काम वीजपुरवठा बंद करून, त्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्यांनीच करायचं असतं. तेव्हा फोनवरच्या माणसाने लगेच "येतो" म्हणून मोकळं होऊ नये. आणि झाड न पाहता फोनवर भाव सांगायचा नाही, हेही कागदावर लिहा. एकाच उंचीची दोन झाडं असतात, एकाखाली मोकळं मैदान आणि दुसऱ्याखाली काचेचं छप्पर. दोन्हींच्या कामात दिवसाचा फरक पडतो.

डायरी उघडून बघा. पुढचे सहा आठवडे कामांनी भरलेले असतील तर आत्ता जाहिरात देऊ नका. कागदपत्रंही आजच तपासा. विम्याची मुदत संपलेली असताना जाहिरातीत "आमची सगळी माणसं विमाधारक आहेत" असं म्हणणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. झाड तोडायला परवानगी लागते अशी पुष्कळ ठिकाणं आहेत. तिथे "एका दिवसात झाड काढून देऊ" असं वचन हवेत सोडू नका.

आता काय सांगायचं ते ठरवा, आणि एकच गोष्ट ठरवा. छाटणी, झाड काढणं, बुंधा उकरणं, कीडरोग, नवी लागवड हे सगळं ३० सेकंदांत कोंबलं की ऐकणाऱ्याच्या कानात काहीच उरत नाही. २८ ऑगस्ट १९२२ रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्रावरून रेडिओवरच्या पहिल्या सशुल्क जाहिरातींपैकी एक प्रसारित झाली. ती घरांची होती, चांगली १० मिनिटांची, आणि शहराच्या गर्दीतून बाहेर पडून निसर्गाजवळ राहायला या असं ती सांगत होती. तेवढा वेळ आता कुणी देत नाही. मी दर वर्षी वादळाआधीची तपासणी एवढंच निवडतो आणि वादळी दिवस सुरू व्हायच्या चार ते सहा आठवडे आधी जाहिरात चालू करतो. वादळ येऊन गेल्यावर फोन तसेही येतात, पण तेव्हा माणूस घाबरलेला असतो आणि जे झाड वाचलं असतं तेही काढून टाका म्हणतो.

स्क्रिप्ट लिहायला बसताना मी एक गोष्ट मनाशी घट्ट धरतो. रेडिओवर झाड दाखवता येत नाही, पण ऐकणाऱ्याच्या दारात त्याचं स्वतःचं झाड उभं असतं. त्याची नजर तिकडे वळवली की निम्मं काम झालं. "आम्ही अनुभवी, तत्पर, विश्वासू" या शब्दांनी कुणी खिडकीकडे वळून पाहत नाही. खुणा सांगितल्या की पाहतो. आमची गेल्या वेळची जाहिरात अशी होती: "तुमच्या घराशेजारचं मोठं झाड डोळ्यांसमोर आणा. बुंध्याशी छत्र्या उगवल्यात? मुळाजवळची माती उचलली गेलीय? जाड फांदीच्या बेचक्यात चीर दिसतेय? वादळाचे दिवस तोंडावर आलेत, त्याआधी आम्हाला एकदा बोलवा. आम्ही झाड नीट तपासतो. तोडायची गरज नसेल, तर तसंही सांगतो." हे ३६ शब्द. उरलेल्या वेळात आमचं नाव दोनदा आणि नंबर दोनदा. यापेक्षा जास्त भरलं की निवेदकाला धावावं लागतं. मोबाइलवर वेळ लावून मोठ्याने वाचा, मनात वाचून अंदाज बांधू नका. मराठीतले शब्द प्रत्यय लागून लांब होतात, कागदावर चार दिसले तरी तोंडात सहाइतका वेळ घेतात.

या तीन खुणा उगाच निवडलेल्या नाहीत. बुंध्यावर किंवा मुळांवर उगवलेली छत्री, म्हणजे अळंबीसारखी बुरशी, आतलं लाकूड कुजत असल्याची खूण असू शकते. माती एका बाजूने उचलली गेली असेल तर मुळांची पकड सुटत असल्याची शक्यता असते. दोन जाड फांद्या अरुंद बेचक्यातून निघाल्या आणि मध्ये साल दाबली गेली, तर तो सांधा कमकुवत राहतो. पण छत्री दिसली म्हणजे झाड गेलंच असं नाही. म्हणून जाहिरातीत फक्त प्रश्न विचारायचा, उत्तर तिथे जाऊन, झाडाला हात लावून द्यायचं. "तुमच्या मुलांच्या डोक्यावर फांदी पडेल" असलं वाक्य मला दोनदा सुचवलं गेलं आणि दोन्ही वेळा मी ते खोडलं. भीती घालून मिळवलेल्या कामात चांगली झाडं उगाच तोडली जातात.

झाडाला अपाय करणारं आश्वासन जाहिरातीत येऊ देऊ नका. सगळ्यात मोहाचं आश्वासन शेंडा उडवण्याचं. "झाड निम्म्यावर आणून देतो" म्हटलं की फोन धडाधड येतात. पण शेंडा उडवलेलं झाड कापलेल्या टोकांपाशी घाईघाईने फुटवे काढतं, ते वरवर चिकटलेले असतात आणि जाड झाल्यावर वाऱ्याने निसटतात. कापलेली जाड टोकं आतून कुजत जातात ती वेगळीच. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेले अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतली कूज पाहिली, आणि १९७७ साली हॅरॉल्ड मार्क्स यांच्याबरोबर सविस्तर मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, तर तिच्याभोवती भिंती उभ्या करून तिला कोंडून ठेवतं. हे कळल्यावर "जखमेला लेप लावून देऊ" ही ओळही आम्ही काढून टाकली. लेपाने कूज थांबत नाही.

आवाजासाठी चेनसॉ वापरायचा मोह सगळ्यांना होतो. तो आवाज गाडीतल्या छोट्या स्पीकरवर नुसता खरखरतो आणि ऐकणारा बटण फिरवतो. पानांतून जाणारा वारा घ्या, दूरवर गडगडाट, आणि बोलणं सुरू झालं की दोन्ही अगदी खाली. धंद्याचं नाव ऐकून लिहिता आलं पाहिजे. ओळखीच्या पाच जणांना फोनवर नाव सांगा आणि लिहून पाठवा म्हणा. दोघांनी जरी वेगळं लिहिलं, तर जाहिरातीत नाव सावकाश, सुटं करून म्हणवून घ्या. गाडी चालवणारा नंबर टिपू शकत नाही, त्याला नावच लक्षात ठेवावं लागतं.

टीव्हीचा विचार असेल तर अडचण वेगळी आहे. नीट छाटलेलं झाड छाटल्यासारखं दिसतच नाही, त्यामुळे आधी आणि नंतर अशी चित्रं फिकी पडतात. त्याऐवजी माणूस दोराने चढतोय, जाड फांदी दोरावर हळूहळू खाली येतेय, हे दाखवा. शेवटचा काप जवळून घ्या: फांदी खोडाला मिळते तिथला फुगवटा जसाच्या तसा ठेवून, त्याच्या लगेच बाहेर. खोडाला घासून कापलेलं किंवा खुंटी ठेवलेलं चित्र जाणकाराला लगेच खटकतं. आणि एकाही दृश्यात हेल्मेटशिवाय माणूस दिसता कामा नये, मागे उभा असलेलासुद्धा.

बुकिंग करताना थोड्या पैशांत चार केंद्रं धरू नका. एक केंद्र, एकच वेळ, आणि जास्त दिवस. जाहिरातींचा अभ्यास करणारे हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये मांडलं होतं की पहिल्यांदा ऐकताना माणूस "हे काय आहे" म्हणतो, दुसऱ्यांदा "मला त्याचं काय", आणि तिसऱ्यांदा आधीचं आठवून ठरवतो. चार ठिकाणी एकेकदा वाजलेली जाहिरात पहिल्या पायरीवरच राहते. वाऱ्यापावसाचा अंदाज सांगतात त्याच्या लगतची जागा मिळाली तर तीच घ्या. ऑर्डरवर तारीख, वेळ, सेकंद आणि किती वेळा वाजणार हे लेखी असू द्या, शेवटी प्रसारणाचं प्रमाणपत्र मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून जुळवा. आमचे एकदा तीन स्पॉट वाजलेच नव्हते. मागितल्यावर ते पुन्हा लावून मिळाले, न मागता मिळाले नसते.

फोनशेजारच्या वहीत दोन प्रश्न छापून घ्या: कुठे ऐकलंत, आणि ऐकून झाडावर काय पाहिलंत. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून पुढच्या वर्षीच्या खुणा ठरतात. आमच्याकडे मातीचा उल्लेख करणारे फारच थोडे निघाले, म्हणून यंदा त्या जागी वाळलेला शेंडा येईल. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक वाक्य सुटं घेऊन त्याची फाइल जपून ठेवा, म्हणजे एक ओळ बदलायला पूर्ण स्टुडिओ पुन्हा घ्यावा लागत नाही.