न झालेल्या बाह्यवळण रस्त्याची नोंद सातबाऱ्यावर राहिली असेल, तर काय करावे

गावाबाहेरून बाह्यवळण महामार्गाची आखणी होते, शेतात खुणेचे दगड रोवले जातात, वर्तमानपत्रात गट क्रमांक छापून येतात आणि पुढे रस्ता होतच नाही. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातील भूसंपादनाची नोंद मात्र तशीच राहते आणि खरेदीखताच्या किंवा पीककर्जाच्या वेळी आडवी येते. ‘रस्ता रद्द झाला’ असे चावडीवर कितीही बोलले गेले, तरी त्याने नोंद निघत नाही.

प्रथम चालू सातबारा आणि ज्या फेरफाराने ती नोंद झाली तो फेरफार काढावा. त्यात संदर्भ असल्यास त्यावरून राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ खालील अधिसूचना राजपत्रात शोधावी. येथे घाई करू नये, कारण पुढचे सारे ती कलम ३ए खालील आहे की ३डी खालील, यावर ठरते. ३ए म्हणजे केवळ संपादनाचा इरादा. ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात, न्यायालयीन स्थगितीचा काळ वगळून, ३डी ची म्हणजे प्रत्यक्ष संपादनाची घोषणा झाली नाही, तर ती निष्प्रभ ठरते. ३डी झाली असेल, तर जमीन केंद्र सरकारकडे निहित, म्हणजे त्याच्या मालकीची, झालेली असते, आणि रस्ता झाला नाही एवढ्याने ती परत मिळत नाही. अशा वेळी मोबदल्याचा निवाडा झाला का, हे पाहून जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

अधिसूचना सापडत नसेल, तर सक्षम प्राधिकाऱ्याच्या (या संपादनासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. ‘रस्ता का झाला नाही’ असे विचारू नये. ३ए व ३डी च्या अधिसूचना, संयुक्त मोजणीचा नकाशा आणि गट वगळल्याचे पत्र यांच्या प्रती मागाव्यात. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करता येते.

शहराच्या विकास आराखड्यातील रस्त्याचा मार्ग निराळा आहे. तेथे महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ चे कलम १२७ लागू होते: अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली आणि संपादन झाले नाही, तर जमीनधारक नियोजन प्राधिकरणावर तशी सूचना बजावू शकतो.

३ए निष्प्रभ ठरल्याचे कागदांवरून दिसले, की त्यांच्या प्रती जोडून नोंद कमी करण्याचा अर्ज तहसील कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. त्याच जमिनीसाठी नवी अधिसूचना निघू शकते व तीवरील हरकतीला २१ दिवसच मिळतात, म्हणून नोंद निघाल्यावरही ही कागदपत्रे जपून ठेवावीत.