भिंतीची ओल नेमकी कुठून येतेय?

पावसाळ्यात भिंतीला पोपडे आले की पहिला फोन रंगाऱ्याला जातो. जरा थांबा. पोपडे खरवडा, जागा पुसून कोरडी करा आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढा.

भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरच्या भेगा, छज्जा, बाथरूमचे सांधे, पाइप तपासा. नुसता आतून वॉटरप्रूफ रंग मारला तर पाणी मागे कोंडतं आणि रंग पुन्हा सुटतो. पैसे पाण्यात, अक्षरशः!

खोलीकडची बाजू ओली असेल तर घरातली वाफ गार भिंतीवर बसतेय. एक्झॉस्ट चालवा, ओले कपडे तिथे वाळत घालू नका, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.